तिसरा ढीग

चिठ्ठ्या एकशे बारा आल्या.
मोजल्या मी, कारण खजिनदाराने
काहीतरी मोजत राहावं लागतं,
पैसे नसले तरी.

सोहारच्या शाळेचा हॉल, शुक्रवार, चार वाजता.
साहेब मस्कतहून येणार, पाऊण तास,
त्यात सत्कार, त्यात शाल, त्यात पाच प्रश्न.
“अवघड नकोत हां, नेवगी,” फोनवरचा सहायक
अगदी गोड होता,
“साहेबांचं काही नाही, ते कशालाही उत्तर देतात,
पण प्रवासाचा शीण असतो.”

रात्री जेवणाच्या टेबलावर, ताटं उचलल्यावर,
मी तीन ढीग केले.

पहिला सोपा.
मुलांचं मराठी. गणपतीत जादा विमानं.

दुसरा, शब्द फिरवले तर चालेल असा.
‘आमचा विमा कोणी खाल्ला’चं मी
‘विम्याविषयी मार्गदर्शन व्हावे’ केलं.
माझं अक्षर शाळेपासून चांगलं.

तिसऱ्यात एकोणीस.
औषधाच्या बिलामागे प्रमिला धुरत, नर्स:
एजंटला दीड लाख दिले, तो पळाला.
तुमच्या वाढदिवसाच्या फलकावर
तुमच्या डाव्या हाताला जो उभा आहे, साहेब,
तो कोण?

सिमेंटच्या गोणीच्या कागदावर, पेन्सिलीने,
इद्रिस सारखोत, परात बांधतो, दापोलीकडचा:
भाऊ गेला इब्रीला. तेवीस दिवस शवागारात होता.
कोणाची सही राहिली होती?
एवढंच.
शिवी नाही, विनंतीही नाही.
खाली फोन नंबर, दोनदा लिहिलेला.

तो ढीग मी फाडला नाही.
कोटाच्या खिशात ठेवला.
एवढं माझं धैर्य.

साहेब बोलले छान. खजुरावर विनोद केला.
पाचही उत्तरं दिली, खोटं कशाला बोलू,
दोन तर खरोखर चांगली होती.
आणि मग, कार्यक्रमपत्रिकेत नसताना,
त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
“कागद राहू दे. आता अवघड विचारा.
मी पळणारा माणूस नाही.”

हॉलभर एसीची घरघर.
मागे दाराशी, कॅम्पच्या बसमधून आलेल्यांत,
इद्रिस उभा होता, इस्त्रीच्या शर्टात.
त्याचा हात खांद्यापर्यंत आला
आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.
हात खाली गेला.
भ्यायला नव्हता तो.
चिठ्ठी दिलेला माणूस रांगेत असतो,
मध्ये घुसत नाही,
आपला नंबर येईल म्हणून थांबतो.

मी मनात मोजलं. पाच. सहा.
अकराला माइकजवळ गेलो.
“वेळेअभावी,” मी म्हणालो.

साहेबांनी घड्याळ चढवलं,
हसले, माझ्या पाठीवर थाप दिली.
“तुमची माणसं समाधानी आहेत, नेवगी.”

त्या थापेचं वजन मला अजून कळलेलं नाही.
ते धाडस खरं होतं
की त्यांना माझी खात्री होती?
विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी?
तपासायची एकच वेळ होती,
अकरा आकड्यांएवढी,
ती माझ्याकडे होती.

बाहेर समुद्राकडून चिकट वारा,
बसचं इंजिन चालू.
इद्रिस पायरीवरून उतरून परत आला.
“भाऊ, माझी चिठी वाचली काय त्यांनी?”

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांवर
मी आयुष्यभर हसलोय.
“पाठपुरावा चालू आहे,” माझं तोंड म्हणालं,
“वरपर्यंत घातलंय आपण.”
अगदी तोच सूर. शालसुद्धा न घेता.

“बरं,” तो म्हणाला.
आणि नंबर पुन्हा सांगू लागला,
एकेक आकडा, सावकाश,
मी लिहून घेतोय का ते बघत.

पेन काढायला
मी खिशात हात घातला.